कार सीट आवळली तरी दोन दिवसांनी परत ढिली होतेय? आधी हे तपासा

बाळाची कार सीट घट्ट बसवायची, दोन दिवसांनी हात लावून बघायचा तर परत ढिली, परत आवळायची, परत ढिली. आमच्याकडे हे जवळजवळ चार महिने चाललं. ज्याला विचारलं त्याने "थोडं हलणारच हो, त्यात काय एवढं" असंच सांगितलं, दुकानदाराने पण तेच सांगितलं. थोडं म्हणजे किती हे मात्र कोणी सांगेना. शेवटी मॅन्युअल घेऊन एक अख्खा रविवार गाडीच्या मागच्या सीटवर बसले, एकेक गोष्ट तपासली आणि तेव्हा कळलं की ढिलेपणा एका ठिकाणाहून येत नव्हता, चार ठिकाणांहून येत होता. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच आईबाबांनी हाच त्रास सांगितला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

आमची गाडी २०१७ सालची छोटी हॅचबॅक, मागे आयसोफिक्सचे हुक (बेल्टशिवाय कार सीट थेट गाडीला अडकवायच्या धातूच्या कड्या) नाहीत, म्हणजे कार सीट गाडीच्या सीटबेल्टनेच बसवायची. सीट दोन्हीकडे तोंड करून बसणारी, १३ किलोपर्यंत रिअर फेसिंग म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, आणि नंतर १८ किलोपर्यंत फॉरवर्ड फेसिंग. लेक तेव्हा सव्वा वर्षाची, वजन साडेनऊ किलो, म्हणून रिअर फेसिंगच.

डोळे उघडले ते नाशिकहून पुण्याला जाताना. निघताना नवऱ्याने सगळा जोर लावून सीट बसवली होती, मी स्वतः हलवून बघितली होती. चंदनापुरी घाटातली वळणं संपवून घारगावच्या पुढे चहाला थांबलो, लेकीला उचलायला वाकले तर सीट दरवाजाच्या बाजूला कललेली आणि बेल्टखाली माझा तळहात सरळ आत गेला, मनगटापर्यंत. बेल्टचं बकल मात्र व्यवस्थित लागलेलं. म्हणजे निसटलं काहीच नव्हतं, तुटलं काहीच नव्हतं, फक्त तीन तासांत बेल्ट हळूहळू सरकत गेला होता. पुढचा पुण्यापर्यंतचा रस्ता मी मागे बसून एक हात सीटवर ठेवून काढला, जरी मला माहीत होतं की खरंच काही झालं असतं तर त्या हाताचा काही उपयोग नव्हता.

का नव्हता ते सांगते, कारण घरच्यांना पटवायला हाच हिशोब कामाला आला. गाडी ताशी ५० च्या स्पीडने जाऊन धडकली आणि जागच्या जागी थांबली तर आतल्या माणसाला बसणारा दणका साधारण १० मीटर उंचीवरून खाली पडल्यासारखा असतो, म्हणजे तिसऱ्या मजल्याची गॅलरी. आणि तो थांबायचा वेळ सेकंदाचा दहावा भाग धरला तर १० किलोचं बाळ त्या क्षणी १४० किलोच्या ओझ्यासारखं पुढे खेचलं जातं. कितीही धट्टाकट्टा बाप असू दे, १४० किलो हातात धरून ठेवणं शक्य नाही. सीट ढिली असली की गाडी आधी थांबते, बाळ आणि सीट मात्र तेवढ्याच स्पीडने पुढे जात राहतात आणि बेल्टचा सैल भाग संपला की एकदम झटका बसतो, शिवाय डोकं पुढच्या सीटवर आपटेल एवढं पुढे जातं ते वेगळंच. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेचा आकडा आहे की कार सीटमुळे एक वर्षाखालच्या बाळांचा अपघातात दगावण्याचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी, पण हा फायदा सीट गाडीला आणि बाळ सीटला नीट बांधलेलं असेल तरच पूर्ण मिळतो.

तर आता तपासणी. पहिली गोष्ट, सीट खरंच ढिली आहे का हे बघायची जागा बरोबर आहे का ते बघा. बरेच जण सीटच्या वरच्या टोकाला धरून हलवतात. रिअर फेसिंग सीट वरून धरली तर हलणारच, तिचं वरचं टोक कशालाच बांधलेलं नसतं, त्यावरून काही ठरवू नका. बेल्ट सीटच्या ज्या खाचेतून जातो तिथे, अगदी बेल्टच्या शेजारी, हात ठेवा आणि हस्तांदोलन करतो तेवढ्याच ताकदीने डावीउजवीकडे आणि पुढेमागे ढकला. तिथे एक इंचापेक्षा म्हणजे अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये, अंगठ्याचं वरचं पेर साधारण तेवढंच असतं, मी त्यानेच मोजते. एका मैत्रिणीची सीट या तपासणीत चक्क पास झाली, ती बिचारी महिनाभर उगाच वरचं टोक धरून घाबरत होती. आमची साफ नापास, तीन पेरं हलत होती.

दुसरी गोष्ट आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, गाडीच्या बेल्टचं रीळ. मागचा बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, आणि मग आत जाऊ द्या. आत जाताना टिक टिक टिक असा आवाज आला आणि मध्येच ओढल्यावर बेल्ट बाहेर येईना झाला तर तुमचं रीळ लॉक होणारं आहे. अमेरिकेतल्या गाड्यांना असं रीळ सर्रास असतं म्हणून तिकडच्या व्हिडिओत "बेल्ट पूर्ण ओढा, लॉक करा, झालं" असं दाखवतात. आपल्याकडच्या गाड्यांत मी जेवढ्या बघितल्या, आमची, भावाची, दिराची, शेजारच्यांची, एकातही असं नव्हतं. आपलं रीळ फक्त अचानक झटका बसला किंवा गाडी जोरात ब्रेक लागून थांबली की पकडतं, बाकी वेळ मोकळं, कारण मोठ्या माणसाला वाकता यावं, मागे वळून बघता यावं. मोठ्या माणसासाठी तेच बरोबर आहे. पण कार सीटसाठी याचा अर्थ असा की प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक वळणाला सीट थोडीशी डोलते, बेल्ट दोन मिलीमीटर बाहेर येतो, रिळातली स्प्रिंग मऊ असल्यामुळे तो ताण परत भरून निघत नाही आणि बकलची टंग, म्हणजे बकलमध्ये खटकन बसणारी धातूची पट्टी, बेल्टवर सहज सरकणारी असल्यामुळे मांडीवरचा भाग सैल होत जातो. अपघातात रीळ लॉक होईलच, पण तोपर्यंत सीट आधीच कललेली आणि बेल्टमध्ये चार बोटं सैलपणा. म्हणजे तुम्ही कितीही जोर लावून बसवा, बेल्टला धरून ठेवणारं दुसरं काही नसेल तर तो परत ढिला होणार. तुमच्या ताकदीचा प्रश्नच नाही.

यावरचा उपाय बऱ्याचदा सीटवरच असतो, बहुतेक जण तो वापरतच नाहीत. बेल्टच्या वाटेवर प्लॅस्टिकचा एक चिमटा असतो, उघडायचा, आवळलेला बेल्ट त्यात घालायचा आणि खटकन बंद करायचा, त्याला लॉक-ऑफ म्हणतात. आमच्या सीटला दोन्ही बाजूंना होते आणि दुकानातल्या मुलाने बसवून दाखवताना ते उघडलेच नव्हते, आम्हाला वाटलं ती शोभेची पट्टी आहे. मॅन्युअलमध्ये चौथ्या पानावर चित्र होतं. काही सीटला रिअर फेसिंगसाठी एक चिमटा आणि फॉरवर्डसाठी दुसरा असतो, किंवा एकाच प्रकारासाठी असतो, तेव्हा चित्र बघूनच लावा, दोन्ही बाजूंचे चिमटे एकदम लावायचे नसतील तर लावू नका. तुमच्या सीटला चिमटाच नसेल तर कुठलीतरी क्लिप ऑनलाइन मागवून लावू नका, ती त्या सीटबरोबर कोणी टेस्ट केलेली नसते, बेल्ट फाटू शकतो किंवा क्लिपच तुटून उडू शकते. अशा वेळी प्रत्येक प्रवासाआधी, आणि लांबच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर, हात लावून बघणं आणि परत आवळणं हाच मार्ग. नवीन सीट घेणार असाल तर दुकानात रंग बघायच्या आधी हा चिमटा बघा.

आवळायची पण पद्धत आहे. आम्ही नुसता खांद्याचा पट्टा वर ओढायचो, त्याने मांडीवरचा भाग तसाच सैल राहायचा. आता असं करतो, सीट जागेवर ठेवून एक जण बेल्टच्या वाटेजवळ तळहाताने पूर्ण वजन टाकून खाली आणि मागे दाबतो, दुसरा आधी मांडीवरच्या भागातला सगळा सैलपणा बकलच्या दिशेने खेचून घेतो, मग खांद्याचा भाग बकलपासून वर ओढतो, ओढलेला सोडत नाही, तसाच धरून चिमटा बंद करतो. दाब काढला की सीटखालचा फोम वर येतो आणि बेल्टला अजून ताण देतो. बेल्टमध्ये पीळ नाही ना हे बोट फिरवून बघायचं. दोघांनी मिळून तीन मिनिटं लागतात. एकटीने करायला मला आठ मिनिटं लागतात पण जमतं.

तिसरी गोष्ट जी माझ्या डोक्यातही आली नव्हती, सीट कव्हर. गाडी घेतली तेव्हा ॲक्सेसरीवाल्याकडून जाड रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली होती, आतून स्पंज असलेली. त्यावर कार सीट ठेवली की ती गुळगुळीत रेक्झिनवर घसरते, खालचा जास्तीचा स्पंज दोन दिवसांत दबतो आणि तेवढा बेल्ट सैल. मी मागच्या बसायच्या भागाचं कव्हर काढून कंपनीच्या मूळ कापडावर सीट बसवली तर फक्त तेवढ्याने तीन पेरांचं दीड पेर झालं. नवऱ्याला वाईट वाटलं, मूळ कापडावर दूध सांडेल, डाग पडतील, पडले पण, पडू देत. ज्यांना कव्हर काढायचं नाही त्यांनी किमान कव्हर काढून एकदा आणि घालून एकदा अशी दोनदा तपासणी करावी, फरक हातालाच कळेल. या कव्हरांचा अजून एक ताप म्हणजे आयसोफिक्सचे हुक त्याखाली झाकले जातात आणि लोकांना वाटतं आपल्या गाडीत नाहीतच. पाठ आणि बैठक जुळते त्या फटीत बोटं घालून चाचपडा, किंवा छोटासा शिक्का, टॅग दिसतो का बघा. आणि पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथलं घट्ट शिवलेलं कव्हर ती उघडताना आड येऊ शकतं, हे ध्यानात असू द्या. कार सीटखाली घसरू नये म्हणून योगा मॅट, जुना टॉवेल, उशी असलं काही घालू नका, तोही फोमच आणि तोही दबतो. मॅन्युअलने सांगितलेलं असेल तेवढंच.

चौथं, बेल्ट चुकीच्या वाटेने गेलाय का. या दुतर्फा सीटवर बहुतेक वेळा निळ्या रंगाच्या खुणा रिअर फेसिंगसाठी आणि लाल खुणा फॉरवर्डसाठी असतात. रिअर फेसिंगला मांडीचा पट्टा निळ्या खाचांतून आडवा जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून वळसा घेऊन जातो. आमचा खांद्याचा पट्टा मागच्या निळ्या हुकात न जाता त्याच्या वरून गेला होता, दिसायला घट्ट, पण प्रत्येक वळणावर तो वर सरकायचा. आणि हो, रिअर फेसिंगसाठी बेल्ट खूप लांब लागतो, काही छोट्या गाड्यांत तो पुरतच नाही. तेव्हा बेल्टला एक्सटेन्शन लावायचं नाही, दुसऱ्या बाजूच्या सीटवर करून बघा, तरी पुरत नसेल तर ती कार सीट त्या गाडीसाठी नाही असं समजा आणि विकत घेण्याआधीच दुसरी बघा. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गाडी दुकानापर्यंत घेऊन जा आणि प्रत्यक्ष बसवून मगच पैसे द्या.

याच वेळी बकलही बघून घ्या. गाडीच्या बकलची दांडी लांब असेल तर बकल नेमकं सीटच्या खाचेच्या कडेवर येऊन बसतं आणि तिथे वाकतं, मग कितीही ओढा बेल्ट पूर्ण आवळला जात नाही आणि बकलवर नको तिथे जोर येतो. असं होत असेल तर जागा बदलून बघा. मधल्या सीटवर जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो, तीन पॉइंटचा बेल्ट मागणारी सीट तिथे बसवायची नाही.

आयसोफिक्सवाल्यांना वाटतं आपल्याला हा त्रास नाहीच. त्यांचा वेगळा असतो. दोन्ही बाजूंना हिरवी खूण आली का ते बघा, एकच बाजू लागलेली मी दोनदा पाहिलीय. हुक लागल्यावर सीट मागे रेटून बसवायची असते, नाहीतर दोन्ही हुक लागलेले असूनही पुढेमागे खेळ राहतो. आणि दोन हुक म्हणजे सगळं नाही, सीट पुढे उलटू नये म्हणून तिसरा आधार लागतो, एक तर वरचा पट्टा म्हणजे टॉप टेदर नाहीतर खाली टेकणारा पाय. टॉप टेदर डिकीतल्या सामान बांधायच्या हुकाला लावलेला पण पाहिलाय, तो हुक पाच किलो पिशवीसाठी असतो. खरी जागा जहाजाच्या नांगराच्या चिन्हाने दाखवलेली असते, गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. पायवाल्या सीटमध्ये खाली ते जाड शिवलेले मॅट असतील तर ते काढा, पाय थेट गाडीच्या तळावर टेकला पाहिजे, मॅट दबला की पाय हवेत. पायाखाली सामान ठेवायचा चोरकप्पा असेल तर ती गाडी चालते का हे सीट कंपनीच्या यादीत बघा. आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही एकदम लावले की दुप्पट सुरक्षित असं काही नाही, मॅन्युअल म्हणेल तेवढंच.

इथपर्यंत सीट गाडीला घट्ट झाली. पण आमचा अर्धा त्रास सीटच्या आतला होता. लेक दर प्रवासात एक हात हार्नेसमधून, म्हणजे बाळाला सीटला बांधणाऱ्या पट्ट्यांतून, बाहेर काढायची, आवळलं तरी दहा मिनिटांत परत. आम्हाला वाटलं हार्नेस बिघडलाय. बिघडलं काहीच नव्हतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाईंनी नातीसाठी जुन्या सुती लुगड्यांची छोटीशी गोधडी शिवलीय, तीच प्रेमाने सीटमध्ये अंथरलेली असायची, त्यावर लेक आणि वरून हार्नेस. नाशिकच्या थंडीत त्यात अजून जाड स्वेटर. एकदा मी लेकीला गोधडी आणि स्वेटरसकट बांधून घट्ट केलं, मग पट्टे जसेच्या तसे ठेवून तिला बाहेर काढलं, गोधडी काढली, स्वेटर काढला आणि परत बसवून बकल लावलं. माझी चार बोटं पट्ट्याखाली आडवी जात होती. एवढी जागा असली की झटक्यात बाळ पट्ट्यातून वर निघू शकतं. आई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी स्वतःची बोटं घालून बघितली, काही बोलल्या नाहीत, गोधडी घडी करून बाजूला ठेवली. त्याआधी त्या नेहमी म्हणायच्या, "अगं पोरीला असं जखडून काय ठेवता, दे माझ्याकडे मांडीवर." त्यांनी चार मुलं मांडीवर घेऊनच वाढवली, तेव्हा गाड्या तरी कुठे एवढ्या होत्या आणि रस्त्याला एवढा स्पीड तरी कुठे होता, त्यांचा हट्ट मायेपोटीच होता. आता आधी पातळ कपड्यात बांधायचं, मग गोधडी वरून पांघरायची, हे त्यांनीच ठरवलंय आणि प्रवासात लेक हीच गोधडी तोंडात धरून झोपते.

पट्टा किती घट्ट हवा ते असं बघा, गळपट्टीच्या हाडापाशी पट्टा उभा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली तर सैल, बोटं नुसती घसरली तर बरोबर. आवळायच्या आधी मांड्यांवरचा सैल भाग वर छातीकडे ओढून घ्या आणि मग खालचा पट्टा खेचा, नाहीतर वर घट्ट आणि खाली ढिलं असं होतं. पट्टे कुठल्या उंचीवरून येतात ते पण बघा, रिअर फेसिंगला खांद्याच्या रेषेत किंवा जरा खालून, फॉरवर्डला खांद्याच्या रेषेत किंवा जरा वरून. आमचे दोन घरं वरून येत होते, म्हणूनच हात निघत होता. उंची बदलल्यापासून आजपर्यंत फक्त एकदा निघालाय.

पट्टे नीट आवळले आणि प्रवासात खरंच आपोआप सुटत गेले तर मात्र ॲडजस्टर, म्हणजे पट्टा आवळून धरून ठेवणारा भाग, तपासा. आवळून झाल्यावर छातीजवळचे दोन्ही पट्टे जोरात पुढे ओढा, सरकले तर ती सीट तशीच वापरू नका. बऱ्याचदा आत बिस्किटाचा चुरा, चिवड्यातले शेंगदाणे, सांडलेलं दूध वाळून बसलेलं असतं आणि त्याचे दात पट्टा पकडत नाहीत, बकलचंही तसंच, खट आवाज नाही आला की समजायचं. मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं साफ करा. पट्टे मशीनमध्ये धुवायचे नाहीत, ब्लीच नाही, तेल नाही, कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचे, फक्त कापडी कव्हर धुता येतं. साफ करूनही पकड येत नसेल तर कंपनीला कळवा, घरी खिळा किंवा सेफ्टी पिन लावून जुगाड करू नका.

रिअर फेसिंगवरून घरात फार चर्चा झाली, पाय आखडतात, बाहेर दिसत नाही, फॉरवर्ड करून टाका. पाय दुमडून बसणं मुलांना काही अवघड नसतं, ती तशी जमिनीवरही बसतात. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेचे सांधे अजून कच्चे, समोरून धडक झाली तर रिअर फेसिंगमध्ये पूर्ण पाठ, मान आणि डोकं एकत्र शेलमध्ये, म्हणजे सीटच्या कडक कवचात, रेलतं, फॉरवर्डमध्ये धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. युरोपातल्या कार सीटच्या आय-साइझ नियमात कमीत कमी १५ महिने रिअर फेसिंग सक्तीचं आहे, अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१८ पासून सांगते की वय नाही, सीटची रिअर फेसिंगची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसंच बसवा. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर रिअर फेसिंग सीट तिथे कधीच नाही, एअरबॅग उघडली की ती नेमकी बाळाच्या डोक्यामागे आदळते.

सीटचं वयही बघा. तळाशी किंवा पाठीवर प्लॅस्टिकमध्येच बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायची ते कोरलेलं असतं. आपल्याकडे सीट भावंडांत, नात्यात फिरते, ते समजू शकते, स्वस्त वस्तू नाही. पण तिला अपघात झालेला नाही ना, सगळे भाग आणि मॅन्युअल आहेत ना, हे घरातल्या माणसाकडून खात्रीने कळणार असेल तरच घ्या, अनोळखी माणसाकडून नको. उन्हात वर्षानुवर्षे तापलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. उन्हाचं निघालं म्हणून सांगते, एप्रिल-मे मध्ये बाहेर उभ्या गाडीत बकलचा धातूचा भाग चटका बसेल एवढा तापतो, बाळाला बसवायच्या आधी आपला हात लावून बघा, आम्ही गाडी लावून जाताना सीटवर पांढरं सुती फडकं टाकतो.

कायद्याचं विचारतात म्हणून, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं, १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. आणि मागे बसलोय म्हणून मोठ्यांनी बेल्ट न लावणं हे मुलासाठीही धोक्याचं आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले तेव्हा मागच्या बेल्टची चर्चा घराघरात झाली होती. बेल्ट न लावलेला मोठा माणूस झटक्यात शेजारच्या कार सीटमधल्या बाळावरच येऊन पडतो. आमच्या गाडीत आता मागे बसणाऱ्या प्रत्येकाचं बकल लागल्याशिवाय चावी फिरत नाही, पाहुणे असले तरी. भाड्याच्या गाडीत मागची बकलं कव्हरखाली किंवा सीटच्या फटीत दाबलेली असतात, बुकिंग झाल्या झाल्या ड्रायव्हर दादांना फोन करून ती वर काढून ठेवायला सांगते, बहुतेक जण काढून ठेवतात.

कव्हर काढलं, वाट दुरुस्त केली, चिमटा लावला, उंची बदलली, त्यानंतर तीनदा नाशिक-पुणे झालं. चंदनापुरी घाट उतरल्यावर दर वेळी थांबून पेर लावून बघतो, अर्ध्या पेरापेक्षा जास्त एकदाही हललेली नाही. लेक आता ११ किलो ८०० ग्रॅमची आहे. १३ ला फॉरवर्ड करावी लागेल, तेव्हा लाल वाट, वेगळा चिमटा, पट्ट्यांची उंची परत नवी, म्हणजे हीच सगळी तपासणी पहिल्यापासून. वजनाआधी उंची संपू शकते म्हणून तीही बघतोय, रिअर फेसिंगमध्ये डोक्याच्या वर शेलची कड किमान अडीच सेंटीमीटर राहायला हवी. दर महिन्याच्या एक तारखेला आई पट्टी धरतात आणि मी वाचते, या महिन्यात सहा सेंटीमीटर आहे.